कै. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये : संशोधकांचे गुरू

प्रभादेवी परिसरातील आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरांतून आता मुलेमुली पदवीवर न थांबता संशोधनाकडे वळू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु प्रबंध एकट्याच्या कष्टाने सिद्धीस जात नाही. त्यामागे मार्गदर्शकाची जागरूक दृष्टी असावी लागते. याच हेतूने यंदा आम्ही कै. डॉ. घुर्ये यांचे चरित्र वाचकांस सादर करीत आहोत.

डॉक्टरांचा जन्म 12 डिसेंबर 1893 रोजी मालवण येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृताचे अध्ययन करून ते एम्. ए. झाले. 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला. त्याचे प्रमुख प्रा. पॅट्रिक गेडिस यांनी या तरुणाची योग्यता ओळखली आणि त्यास विलायतेस जाण्याची संधी लाभली. केंब्रिज येथे डॉ. रिव्हर्स त्यांचे मार्गदर्शक झाले. परंतु जून 1922 मध्ये ते अकस्मात निवर्तले. परक्या देशात गुरूचे छत्र हरपलेल्या या विद्यार्थ्यास डॉ. हॅडन यांनी आधार दिला व त्याचा प्रबंध पूर्णत्वास नेला.

1924 साली डॉक्टर मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले व 1959 साली निवृत्त झाले. या 35 वर्षांत जे त्यांना लाभले होते, ते त्यांनी शतपटीने परत केले. चित्पावनांवर प्रबंध लिहिणाऱ्या इरावतीबाई कर्वे, म्हैसुराहून आलेले एम्. एन्. श्रीनिवास, गुजरातचे अ. र. देसाई हे सारे त्यांचेच विद्यार्थी. देसाई मार्क्सवादी, गुरूंची विचारसरणी अगदी निराळी. तरी राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील देसाईंचा प्रबंध त्यांच्याच मार्गदर्शनाखाली 1946 साली सिद्ध झाला. शिष्याचे मत आपल्यासारखे असावे, असा त्यांचा आग्रह नसे.

एक गोष्ट मात्र संकोच सोडून सांगितली पाहिजे. जातिसंस्थेवरील आपल्या 1932 सालच्या ग्रंथात डॉक्टरांनी ज्ञातिसभांवरच टीका केली आहे. ज्ञातीची वसतिगृहे, शिष्यवृत्त्या व संस्था यांमुळे जात्यभिमान बळावतो आणि राष्ट्राचे ऐक्य दुबळे होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्ञातिसंस्थेच्याच स्मरणिकेत हे छापताना आम्हांस अंतर्मुख व्हावे लागते. त्यांच्या स्मृतीचा खरा मान राखावयाचा, तर संशोधन करणाऱ्या गरजू विद्यार्थ्यास ग्रंथ, बसण्यास शांत जागा व जाणत्यांचा सल्ला देताना त्याची ज्ञात विचारू नये, असे आम्हांस वाटते. सभासदांनी याचा अवश्य विचार करावा.

28 डिसेंबर 1983 रोजी डॉक्टर कालवश झाले. त्यांच्या पुण्यस्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.