सात कोटींची शिल्लक

२६ मार्च १९०२ हा दिवस. कलकत्ता त्या वेळी हिंदुस्थानची राजधानी होती. वरिष्ठ कायदेमंडळाची बैठक तेथे भरली होती आणि अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन बसले होते. अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांनी सादर केलेल्या अंदाजपत्रकावर चर्चा चालू होती. सर्व खर्च भागून सरकारी तिजोरीत तब्बल सात कोटी रुपये शिल्लक राहिले होते. अशी शिल्लक हिंदुस्थान सरकारने त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती. या यशाबद्दल अर्थसदस्यांचे अभिनंदन झाले होते. इतक्यात पुण्याहून आलेले एक पस्तीस वर्षांचे सभासद बोलावयास उभे राहिले. अंदाजपत्रकावर या सभागृहात बोलण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग होता. आपल्याला या अभिनंदनात मनापासून सामील होता येत नाही, असे त्यांनी नम्रपणे परंतु स्वच्छ शब्दांत सांगितले. हे सभासद म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची होती. गोपाळ तेरा वर्षांचा असताना वडील वारले. तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून नोकरी धरली. त्यांना महिना पंधरा रुपये पगार मिळे. त्यातील आठ रुपये ते गोपाळला शिक्षणासाठी पाठवीत आणि उरलेल्या सात रुपयांत सारा संसार चालवीत. भावाच्या आठ रुपयांची किंमत गोपाळला पुरती ठाऊक होती. एकदा एक मित्र त्याला नाटकाला घेऊन गेला आणि मागाहून त्याने तिकिटाचे पैसे मागितले. ते काही आणे भरून काढण्यासाठी गोपाळने दिव्याचे तेल वाचविले आणि रस्त्यावरील दिव्याखाली बसून अभ्यास केला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गरिबाच्या घरातून एक आणा बाहेर गेला, तर त्या घरात काय कमी पडते, हे तो लहानपणीच शिकला.

१८८४ साली गोपाळराव बी. ए. झाले. मोठ्या पगाराच्या नोकरीचा मोह न धरता ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात अल्प वेतनावर शिकवू लागले. त्यांनी अंकगणिताचे एक पाठ्यपुस्तकही लिहिले आणि ते अनेक वर्षे शाळांतून चालले. याच काळात त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखे गुरू लाभले. सरकारी अहवाल बारकाईने वाचावा, आकडा तपासावा आणि मगच मत बनवावे, ही शिस्त रानड्यांनी त्यांना लावली. सोलापूरचे व्यासंगी शिक्षक गणेश व्यंकटेश जोशी यांनीही राज्याच्या जमाखर्चाची गुंतागुंत त्यांना उलगडून दाखविली.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि लवकरच ती पुण्यात पोचली. गोपाळराव तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. प्लेगच्या बंदोबस्ताच्या निमित्ताने घरे तपासणाऱ्या सोजिरांनी पुण्यात जुलूम चालविला आहे, अशी पत्रे त्यांना मित्रांकडून आली. त्यांतील काही गंभीर आरोप त्यांनी इंग्लंडमध्ये जाहीर केले. परत आल्यावर मात्र त्या आरोपांना पुरावा द्यावयास कोणी पुढे येईना. तेव्हा गोपाळरावांनी उघडपणे माफी मागितली. त्याबद्दल सरकारी लोकांनी त्यांना हिणविले आणि स्वकीयांनीही दूषणे दिली. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. तरीही ते घरात तोंड लपवून बसले नाहीत. पुण्यात प्लेग पुन्हा उसळला तेव्हा ते स्वयंसेवकांसह रोग्यांच्या साहाय्याला धावले. वेळेवर उपाय झाला नाही म्हणजे घरेच्या घरे कशी ओस पडतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. यापुढे त्यांनी सभागृहात जे जे मांडले, ते आधी पारखून घेतलेले असे.

१८९९ साली ते मुंबई प्रांताच्या कायदेमंडळावर निवडून आले आणि १९०१ च्या अखेरीस वरिष्ठ कायदेमंडळावर त्यांची निवड झाली. त्या सभागृहात लोकांच्या बाजूच्या सभासदाला फारसे बळ नव्हते. बहुमत नेहमी सरकारी अधिकाऱ्यांचे असे. अंदाजपत्रकावर सभासदांना भाषण करता येई, प्रश्न विचारता येत. परंतु त्यावर मतदान घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता. एखाद्या खात्याला दिलेला पैसा अपुरा आहे असे कितीही पटवून दिले, तरी आकडा बदलणे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर अवलंबून होते. अशा ठिकाणी गोपाळरावांजवळ अभ्यास हे एकच शस्त्र होते.

त्या दिवशी त्यांनी सात कोटींच्या शिलकेचे रहस्य उघड केले. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडला फार मोठी रक्कम पौंडांच्या रूपाने पाठवावी लागे. मध्यंतरी रुपयाचा भाव तेरा पेन्सांपर्यंत उतरला होता. त्या वेळी एक हजार पौंड पाठविण्यास सुमारे १८,५०० रुपये लागत. पुढे सरकारने रुपयाचा भाव सोळा पेन्सांवर स्थिर केला आणि तेच हजार पौंड १५,००० रुपयांत जाऊ लागले. सरकारचे पैसे असे वाचले; परंतु रुपया घसरत असताना तूट भरून काढण्यासाठी वाढविलेले कर मात्र तसेच राहिले. तेव्हा ही शिल्लक म्हणजे प्रजेच्या भरभराटीची खूण नव्हती. गरजेपेक्षा अधिक कर प्रजेकडून वसूल झाला होता, एवढाच तिचा अर्थ होता.

आणि ही वसुली कोणत्या काळात झाली होती? १८९९–१९०० च्या भयंकर दुष्काळाने लोकांना नुकतेच भाजून काढले होते. प्लेग गावागावांतून माणसे नेत होता. आजारी आणि उपाशी प्रजेकडून कर घ्यावा, तो तिजोरीत साठवावा आणि त्या साठ्याकडे बोट दाखवून देश सुखी आहे असे म्हणावे, हा गोपाळरावांच्या मते दुहेरी अन्याय होता. लष्करावरील खर्च कसा वाढत चालला आहे, हेही त्यांनी आकड्यांनिशी दाखविले.

करांपैकी मिठावरचा कर त्यांना विशेष बोचे. १८८८ साली तो मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला होता. मीठ श्रीमंताला लागते तसेच मजुरालाही लागते आणि उन्हात राबणाऱ्या माणसाला तर ते अधिकच लागते. समुद्रकाठच्या मिठागरांतून मीठ बाहेर पडण्यापूर्वीच हा कर वसूल होत असे. त्यामुळे निजामाच्या राज्यात असलेल्या नांदेड-लातूरच्या बाजारात समुद्राचे जे मीठ जाई, त्याच्याही किमतीत तो मिसळलेला असे. कलकत्त्याच्या सभागृहात तेथील लोकांचा कोणी प्रतिनिधी नव्हता. पण त्या सभागृहाबाहेर ठरलेल्या कराचा भार त्यांच्याही भाकरीवर पडत होता. गोपाळराव दरवर्षी या कराविरुद्ध बोलत राहिले. १९०३ साली तो दोन रुपयांवर, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एक रुपयावर आला. मताचा अधिकार नसलेल्या सभासदाचे शब्दही वाया जात नाहीत, असा लोकांना अनुभव आला.

तथापि नुसता कर कमी करून भागणार नव्हते. उरलेला पैसा कोठे जातो, हा गोपाळरावांचा पुढचा प्रश्न होता. सरकार शिलकेतून रेल्वेचे रूळ टाकीत असे. गोपाळरावांचे म्हणणे असे, की रेल्वे कर्ज काढून बांधता येते, कारण ती पुढे आपले पैसे मिळवून देते. गावाचे पिण्याचे पाणी, सांडपाण्याची गटारे, दवाखाने आणि शाळा यांतून रोख पैसा परत येत नाही. त्यांतून मिळतात ती निरोगी आणि जाणती माणसे. म्हणून लोकांकडून घेतलेली शिल्लक लोकांचे आरोग्य व शिक्षण यांसाठीच खर्च झाली पाहिजे. दुष्काळ आणि प्लेग यांच्याशी झुंजताना नगरपालिका व स्थानिक मंडळे कर्जात रुतली होती. त्यांना पैसा न देता स्वच्छतेची कामे करा असे सांगणे व्यर्थ आहे, हेही ते सांगत. त्यांनी स्वतः पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले होते. नळ आणि गटार यांचा खर्च म्हणजे काय, हे त्यांना कागदावरून शिकावे लागले नव्हते.

१९०५ साली काशी येथे भरलेल्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. तेथील भाषणात त्यांनी मृत्यूचे प्रमाणच देशापुढे ठेवले. दुष्काळाची झळ न लागलेल्या मुलखातसुद्धा दर हजारी मृत्यूंचा आकडा १८८२–८४ मधील चोविसांवरून दहा वर्षांनी तिसांवर आणि शतकाच्या अखेरीस चौतिसांवर गेला होता. राज्यकारभार चांगला की वाईट हे तिजोरीतील रकमेवरून ठरवावे, की जगणाऱ्या आणि मरणाऱ्या माणसांच्या संख्येवरून, हा प्रश्न त्या तीन आकड्यांनी उभा केला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. देशसेवेला वाहून घेतलेली माणसे तयार करणे हा त्याचा उद्देश होता.

सरकारने पुष्कळ मागण्या कानांआड केल्या. पण सर्वच केल्या नाहीत. १९०८ सालच्या अंदाजपत्रकात प्रांतांना आरोग्य व स्वच्छतेच्या कामांसाठी दरवर्षी तीस लाख रुपये देण्याची तरतूद झाली. एवढ्या विस्तीर्ण देशाच्या मानाने ही रक्कम तुटपुंजी होती. परंतु साथीचे रोग हटविणे हे केंद्रीय तिजोरीचेही काम आहे, हे तत्त्व तिने मान्य झाले. पुढे १९०९ च्या सुधारणांनी सभासदांना ठराव मांडण्याचा अधिकार दिला, तेव्हा गोपाळरावांनी त्याचाही भरपूर उपयोग केला. अपयश त्यांच्या वाट्याला आलेच. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. हार झाली म्हणून त्यांनी वह्या मिटल्या नाहीत.

लोकांच्या आरोग्यासाठी झगडणाऱ्या या पुरुषाला स्वतःच्या आरोग्याकडे पाहण्यास सवड मिळाली नाही. मधुमेहाने शरीर पोखरले असतानाही ते काम करीत राहिले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. महात्मा गांधींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले.

गोपाळराव ज्या अधिकारासाठी धडपडले, तो पुढे लोकांना मिळाला. पण सर्वांना एकाच वेळी मिळाला नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान निजामाच्या सत्तेतून मुक्त झाले. १९५२ साली मराठवाड्यातील स्त्रीपुरुषांनी प्रथमच सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केले आणि १९६० साली मराठवाडा महाराष्ट्र राज्यात आला. १९८२ साली लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. नांदेडला १९८८ साली व लातूरला २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. अशा रुग्णालयांतील खाटा, औषधे आणि परिचारिका यांचा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकातून येतो. त्या अंदाजपत्रकावर आता केवळ भाषण होत नाही, मतही घेतले जाते. आरोग्याच्या खर्चाला कात्री लागत असेल, तर नांदेडचा किंवा लातूरचा आमदार उभा राहून शासनाला जाब विचारू शकतो आणि आपले मत विरुद्ध टाकू शकतो.

गोपाळरावांना हे मत नव्हते. त्यांच्यापुढे एक जाडजूड अंदाजपत्रक होते आणि डोळ्यांपुढे प्लेगने ओस पडलेली घरे होती. त्या दोहोंची सांगड घालून त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ एकच गोष्ट सांगितली: माणसे औषधावाचून आणि शुद्ध पाण्यावाचून मरत असताना तिजोरीत उरलेला पैसा ही शिल्लक नसून ते प्रजेचे देणे आहे.