जन्मसिद्ध राजसत्ता नाकारणारे थॉमस पेन

महात्मा जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास थॉमस पेन यांचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ वाचला आणि मानवी हक्कांविषयीच्या त्यांच्या चिंतनाला बळ मिळाले. सत्यशोधकी परंपरेचे वारस या नात्याने आम्ही पेन यांचे चरित्र परके मानीत नाही.

पेन यांचा जन्म १७३७ साली इंग्लंडमधील थेटफर्ड येथे झाला. वडील स्त्रियांच्या कंचुक्या शिवणारे कारागीर होते. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली व मुलगा वडिलांच्या धंद्यात शिरला. पुढे अबकारी खात्यात असताना त्यांनी सहकाऱ्यांच्या तुटपुंज्या पगाराविषयी निवेदन लिहिले. १७७४ साली नोकरी गेली. त्याच वर्षी बेंजामिन फ्रँकलिन यांचे शिफारसपत्र घेऊन ते अमेरिकेत फिलाडेल्फियास पोहोचले.

१७७५ साली वसाहतींची इंग्रज फौजेशी लढाई जुंपली. तरीही अनेक पुढारी राजाशी समेटाचीच भाषा बोलत होते. अशा वेळी १० जानेवारी १७७६ रोजी ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. पेन यांनी घाव घातला तो राजेपणाच्या मुळावरच. शहाणपण वारशाने मिळत नाही, मग राज्य करण्याचा अधिकार वारशाने कसा मिळावा, असा त्यांचा रोख होता. एका बेटाने खंडावर कायम सत्ता गाजविणे त्यांना निसर्गक्रमाविरुद्ध वाटे. राजाच्या जागी कायदा असावा, असे त्यांनी मांडले. भाषा कारागिराला व शेतकऱ्याला उमगेल अशी होती. आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. ४ जुलै रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला गेला.

मात्र त्या जाहीरनाम्याने आफ्रिकी वंशाच्या गुलामांच्या बेड्या तुटल्या नाहीत. त्यासाठी १८६५ साल उजाडावे लागले. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. राजा गेला तरी जन्माधिष्ठित उच्चनीचता उरते, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना निराळे सांगावयास नको.

पुढे फ्रान्समध्ये लोकप्रतिनिधी असताना पेन यांनी सोळाव्या लुईच्या देहदंडास विरोध केला. नंतर सुमारे दहा महिने त्यांना तुरुंगवास घडला. धर्मचिकित्सेमुळे अनेक मित्र दुरावले. ८ जून १८०९ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा अंत्यविधीस मोजकीच माणसे होती.

ज्यांच्या घरात पाटी-पुस्तक पहिल्यांदाच आले, अशा आमच्या विद्यार्थ्यांसाठी एका कारागिराच्या मुलाचे हे चरित्र आम्ही येथे मुद्दाम दिले आहे.