जॉर्ज म्यूलर : न मागता मिळालेले दान

मनुष्य दान का देतो? कोणी दयेने देतो, कोणी भिडेने देतो, तर कोणी चारचौघांत आपले नाव व्हावे म्हणून देतो. ह्या हेतूंचा ज्यांनी जन्मभर बारकाईने विचार केला अशा एका देवभक्ताचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

जॉर्ज म्यूलर ह्यांचा जन्म 27 सप्टेंबर 1805 रोजी प्रशिया देशात झाला. त्यांचा बाप सरकारी कर वसूल करीत असे. त्याच्या ताब्यातील सरकारी पैसा हा मुलगा दहा वर्षांचा होण्यापूर्वीच चोरू लागला. आणि सोळाव्या वर्षी, उतारगृहाचे पैसे न भरता निघून जाऊ पाहिल्यामुळे, त्यास तुरुंगवास घडला. पुढे हाले येथील विद्यापीठात शिकत असता 1825 साली एका घरगुती प्रार्थनासभेत त्याचे मन पालटले. ज्याच्या हाती बापानेही पैसा ठेवू नये, त्याच्या हाती पुढे परक्या लोकांनी सुमारे पंधरा लाख पौंड ठेवले. हे कसे घडले ते पाहू.

1830 साली म्यूलरसाहेब इंग्लंडातील टेनमथ गावी पाळक झाले. तेथे पाळकाचा पगार उपासनामंदिरातील बाकांच्या भाड्यातून निघे. त्यामुळे श्रीमंतास चांगली जागा मिळे व गरिबास मागे बसावे लागे; शिवाय भाड्याचा दिवस आला म्हणजे जवळ पैसा नसताही तो देणे भाग पडे. म्यूलरसाहेबांनी हे भाडे व आपला ठरलेला पगार, दोन्ही सोडून दिली आणि मंदिरात एक पेटी ठेवविली. ज्यास इच्छा होईल त्याने तीत गुपचूप घालावे, म्हणजे गर्वाने किंवा लाजेने कोणी देणार नाही, असा त्यांचा विचार होता.

पुढे ब्रिस्टल शहरी अनाथ मुलांसाठी घर काढण्याचे ठरले, तेव्हा आठवड्यास सुमारे 3 शिलिंग मिळविणाऱ्या एका अशक्त शिवणकरणीने 100 पौंड पाठविले. म्यूलरसाहेबांनी ते लगेच घेतले नाहीत. भावनेच्या भरात दिले असतील तर मागाहून पश्चात्ताप होईल, म्हणून त्यांनी तिची भेट घेऊन विचारपूस केली. तिला वारशाने 480 पौंड मिळाले होते. त्यातून तिने बापाचे राहिलेले कर्ज फेडले होते व आईसही 100 पौंड दिले होते. तिचा निश्चय पाहून मगच त्यांनी देणगी स्वीकारली.

1836 साली पहिले अनाथगृह उघडले. कोणा मनुष्यापाशी मागावयाचे नाही व कर्ज काढावयाचे नाही, असा त्यांचा नेम होता. मात्र दरवर्षी ते हिशेबाचा अहवाल छापीत. त्यात दात्यांची नावे नसत, पण देणग्या नोंदलेल्या असत. अहवाल हीच एक प्रकारची मागणी होय, असे टीकाकार म्हणत. आमच्या मते ह्यात काही तथ्य आहे. अहवाल वाचून पुष्कळांची मने द्रवली, हे नाकारता येत नाही. परंतु 1841 च्या अखेरीस हाती पैसा उरला नाही, तेव्हा नेमका अहवाल छापण्याचा व वार्षिक सभेचा समय आला. त्या वेळी तंगी लोकांस कळविली असती तर पैसा तत्काळ आला असता. त्यांनी अहवाल व सभा दोन्ही पुढे ढकलली. कित्येक महिने एका जेवणापुढचे दिसत नव्हते. शेवटी 12 एप्रिल 1842 रोजी ईस्ट इंडीजहून 100 पौंड आले. अहवाल हे मागण्याचे साधन नसून विश्वस्तपणाचा हिशेब आहे, हे त्या महिन्यांनी दाखवून दिले.

1870 पर्यंत ॲशली डाऊन येथे पाच मोठी घरे उभी राहून 2,050 मुलांची सोय झाली. 10 मार्च 1898 रोजी म्यूलरसाहेब निवर्तले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मालकीचे दोनशे पौंडांचेही द्रव्य नव्हते. त्यांचे चरित्र वाचून आपल्या पंडिता रमाबाईंसही केडगावच्या कार्यात धीर आला होता.

उपदेशक बंधूंनो, सुगीच्या दानाच्या दिवशी कोणी किती दिले हे मोठ्याने वाचून दाखविले, तर पायली दोन पायली धान्य जास्त पडेल. पण मूठभर आणणारी विधवा पुढच्या वर्षी येणार नाही. दान गुप्त असो, हिशेब उघडा असो. म्यूलरसाहेबांनी लोकांच्या भिडेस हात घातला नाही, म्हणून त्यांचा विश्वास संपादिला.