डॅली मेसेंजर

हर्बर्ट हेन्री मेसेंजर ऊर्फ डॅली मेसेंजर (१२ एप्रिल, १८८३ – २४ नोव्हेंबर, १९५९) हे ऑस्ट्रेलियाचे रग्बी खेळाडू होते. सेंटर या जागी खेळणारे मेसेंजर आधी रग्बी युनियन व नंतर रग्बी लीग या दोन्ही खेळांत आपल्या देशाकडून खेळले. १९०७ मध्ये त्यांनी हौशी रग्बी सोडून व्यावसायिक रग्बी स्वीकारले आणि त्या एका निर्णयामुळे रग्बी लीगला ऑस्ट्रेलियात पाय रोवता आले, असे सामान्यतः मानले जाते.

बालपण

मेसेंजर यांचा जन्म सिडनीच्या बालमेन या उपनगरात झाला. त्यांचे आजोबा जेम्स मेसेंजर हे इंग्लंडमधील नामांकित नौकावल्हेकर होते. वडील चार्ल्स हेही पैशाच्या शर्यतींत वल्हवत आणि पुढे सिडनीतील डबल बे येथे त्यांनी नावा बांधण्याचा व्यवसाय केला. खेळून पैसे मिळवणे ही या घराण्याला लाजेची गोष्ट नव्हती, हे पुढील घटनांच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. लहानपणी पोट सुटलेले असल्यामुळे विल्यम बीड डॅली या तत्कालीन स्थूल राजकारण्यावरून त्यांना डॅली हे टोपणनाव पडले व तेच कायम राहिले.

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या उत्तरेकडील क्लबांनी १८९५ मध्ये रग्बी युनियनपासून फारकत घेतली होती. सामन्यासाठी कामावरची मजुरी बुडवणाऱ्या खेळाडूंना भरपाई द्यावी, ही त्यांची मागणी होती. गिरण्या व खाणींत राबणाऱ्यांना फुकट खेळणे परवडत नव्हते. या नव्या संघटनेस नॉर्दर्न युनियन म्हणत आणि तिच्या नियमांतूनच आजचा १३ खेळाडूंचा रग्बी लीग हा खेळ घडला.

सिडनीतही हाच असंतोष होता. सामन्यांना हजारो प्रेक्षक येत, तिकिटांचे उत्पन्न संघटनेकडे जाई आणि जखमी खेळाडू मात्र घरी बसे. ॲलेक बर्डन या केशकर्तनकाराला खेळताना दुखापत होऊन त्याचा रोजगार बुडाला, तेव्हा या नाराजीने उघड रूप घेतले. जेम्स गिल्टिनन, हेन्री हॉयल व प्रसिद्ध क्रिकेटपटू व्हिक्टर ट्रंपर यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९०७ मध्ये न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीगची स्थापना झाली.

१९०७ चा निर्णय

न्यू झीलंडचा व्यावसायिक संघ अल्बर्ट बास्करव्हिल यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला निघाला होता. वाटेत सिडनीत तीन सामने खेळण्याचे ठरले. या सामन्यांसाठी गर्दी खेचेल असा खेळाडू आयोजकांना हवा होता आणि त्या वर्षी शहरात मेसेंजर यांच्याइतके लोकप्रिय दुसरे कोणी नव्हते. त्याच हंगामात ते न्यू झीलंडविरुद्ध रग्बी युनियनचे कसोटी सामने खेळले होते. गिल्टिनन व ट्रंपर यांनी डबल बे येथे जाऊन त्यांच्या आईची संमती मिळवली, असे सांगितले जाते.

पहिला सामना १७ ऑगस्ट, १९०७ रोजी रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या मैदानावर झाला व त्यास सुमारे २०,००० प्रेक्षक आले. गंमत अशी की बंडखोरांचे हे सामने रग्बी युनियनच्याच नियमांनी खेळले गेले, कारण नव्या नियमांची कोणाला सवय नव्हती. रग्बी युनियनने मेसेंजर यांना आजन्म बहिष्कृत केले. आज मात्र ऑस्ट्रेलियाच्या रग्बी युनियन कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव आहे.

त्यांचा खेळ पाहून पाहुण्यांनी त्यांना आपल्यासोबत इंग्लंडला नेले. न्यू झीलंडच्या त्या संघातील ते एकमेव ऑस्ट्रेलियन होते, तरी दौऱ्यात सर्वाधिक गुण त्यांनीच मिळवले. परतीच्या प्रवासात बास्करव्हिल यांचे मे १९०८ मध्ये ब्रिस्बेन येथे न्यूमोनियाने निधन झाले. त्यांचे वय अवघे २५ होते.

रग्बी लीग कारकीर्द

१९०८ मध्ये सिडनीतील क्लब स्पर्धा सुरू झाली. मेसेंजर ईस्टर्न सबर्ब्सकडून खेळू लागले. त्याच वर्षाअखेर ऑस्ट्रेलियाचा संघ, म्हणजे पहिले कांगारू, ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. लंडनमधील पहिल्या कसोटीत मेसेंजर कर्णधार होते; ती २२–२२ अशी बरोबरीत सुटली. पुढच्या दोन्ही कसोट्या इंग्लंडने जिंकल्या. प्रेक्षकांअभावी हा दौरा तोट्यात गेला आणि गिल्टिनन दिवाळखोर झाले.

मेसेंजर मध्यम उंचीचे होते. अचूक व लांब पल्ल्याची गोलकिक हे त्यांचे मुख्य अस्त्र. मात्र चेंडू घेऊन धावताना ते काय करतील याचा अंदाज सहकाऱ्यांनाही येत नसे. १९११ मध्ये त्यांनी एका हंगामात २७० गुण नोंदवले. ट्रायला ३ व गोलला २ गुण असलेल्या त्या काळात हा आकडा असामान्य होता आणि तो विक्रम १९३५ मध्ये डेव्ह ब्राऊन यांनी मोडला. १९११–१२ च्या ब्रिटन दौऱ्यावर ते गेले नाहीत. ईस्टर्न सबर्ब्सने १९११, १९१२ व १९१३ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली व त्यानंतर मेसेंजर निवृत्त झाले. त्यांचे धाकटे बंधू वॉली हेही ऑस्ट्रेलियाकडून खेळले.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर त्यांना आर्थिक स्थैर्य लाभले नाही. त्यांनी हॉटेल चालवले. क्वीन्सलंडमधील केळीची बागही तोट्यात गेली. अखेर ते पुन्हा सुतारकामाकडे वळले. न्यू साउथ वेल्समधील गनेडा येथे वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगच्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडूला दिले जाणारे डॅली एम पदक त्यांच्या नावाने १९८० पासून ओळखले जाते.