आजोबांच्या फोटोतली पोरं आणि कर्मवीर अण्णा

सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या बऱ्याच घरांत एक जुना ग्रुप फोटो सापडतो. काळा-पांढरा, कडा पिवळ्या पडलेला. दोन-तीन रांगांत पोरं बसलेली, उभी राहिलेली. त्यातला एक आपला आजा किंवा पणजा. बाकीचे कोण, हे घरात कुणाला धड सांगता येत नाही. आजोबांचे बोर्डिंगातले मित्र, एवढंच उत्तर मिळतं.

ही वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या जातींची पोरं एका ओळीत आली कशी? याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. तो माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घराणं जैन शेतकऱ्याचं, मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीला. शिकायला कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलात घातलं आणि राहायला जैन बोर्डिंगात. तिथं असताना अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला भाऊराव गेले. आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला. बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. पुढं शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. शाळेचं म्हणाल तर भाऊराव मॅट्रिकही झाले नाहीत. पण एकत्र जेवण्यावरून माणसं किती तुटतात, हे त्यांनी शिकत्या वयात स्वतः सोसलं होतं.

पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. नंतर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवायचं काम धरलं. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या बांधावर जावं लागतं. भाऊराव गावोगाव हिंडले. शेतकऱ्याचं पोर हुशार असलं तरी तालुक्याला राहायची-खायची सोय नाही म्हणून शाळा सुटते, हे त्यांनी जवळून बघितलं. शाळा होत्या, पण पोराचा मुक्काम कुठं, हा खरा प्रश्न होता.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली संस्थेचा कारभार साताऱ्यात आला आणि तिथं बोर्डिंग सुरू झालं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्यांची पोरं एका छपराखाली राहू लागली. स्वयंपाक एकच आणि तो पोरांनीच पाळीपाळीनं करायचा. पंगतही एकच. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण तो काळ असा होता की गावात पाणवठे वेगळे होते आणि कित्येक शाळांत अस्पृश्य पोरांना वर्गाबाहेर बसवत.

पोरं भाऊरावांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना वहिनी. वहिनी सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या. तरीही बोर्डिंगातल्या पोरांना त्यांनी पोटच्या लेकरांसारखं सांभाळलं. कोठीत दाणा नसला की अंगावरचा एकेक दागिना मोडला जायचा. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली वहिनी वारल्या. अण्णांनी काम थांबवलं नाही.

पैसा कुठून आणायचा? अण्णांनी गावागावांतल्या बायाबापड्यांना रोज मूठभर धान्य बाजूला काढायला सांगितलं. त्या मुठींवर बोर्डिंग चाललं. पोरांनीही फुकट खायचं नाही, हा नियम. शेतात राबायचं, माती उचलायची, दगड फोडायचे आणि शिकायचं. कमवा आणि शिका ही योजना अशी घामातून उभी राहिली. स्वतः अण्णा अंगात खादी आणि पायांत काही न घालता फिरायचे. १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघालं. गांधीहत्येनंतर सरकारनं संस्थेचं अनुदान काही काळ बंद केलं. तेव्हाही लोकांच्या मदतीवर संस्था तगली आणि पुढं अनुदान परत सुरू झालं. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णा गेले.

आता परत त्या फोटोकडं बघा.

गेल्या काही वर्षांत गावागावांत शाळेची जुनी रजिस्टरं उघडली गेली. जातीच्या नोंदी शोधायला माणसांनी कपाटं धुंडाळली. ते गरजेचंच होतं, दाखल्याशिवाय काम होत नाही. पण रजिस्टरात आजोबांच्या नावापुढं जातीचा रकाना असतो. जेवताना त्यांच्या शेजारी कोण बसायचं, याचा रकाना नसतो. ते फोटोत दिसतं. खांद्याला खांदा लावून बसलेल्या पोरांत कुठलं कुणाच्या जातीचं, हे फोटो बघून ओळखता येत नाही. घराण्याचा इतिहास म्हणून आपण वंशावळ मांडतो, जमिनीचे उतारे जपतो. आजोबांनी कुणाच्या ताटाला ताट लावून भाकरी खाल्ली, हाही घराण्याचाच इतिहास आहे.

तो शोधायला फार खर्च नाही. फोटो फ्रेममधून सांभाळून काढा आणि मागची बाजू बघा. साल, गावाचं नाव, फोटो स्टुडिओचा शिक्का, काहीतरी सापडू शकतं. मोबाईलवर दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो घ्या. आजोबांच्या शाळेत जाऊन त्या सालाचं जनरल रजिस्टर बघायला मिळतं का, ते मुख्याध्यापकांना विचारा. त्यात आजोबांच्या आगंमागं दाखल झालेल्या पोरांची नावं आणि गावं असतात. त्या गावांत कुणी ओळखीचं असेल तर फोटो पाठवा. समोरच्या घरातही तोच फोटो भिंतीवर असेल आणि त्यांनाही आपला आजा कोण हे ठाऊक नसेल.

घाई मात्र करायला हवी. अण्णांच्या हाताखाली शिकलेली माणसं आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. गावात असं कुणी म्हातारं असेल तर फोटो घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसा. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारा आणि तिथंच वहीत लिहून घ्या. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.