डॉ. कमल रणदिवे : कर्करोग आणि विषाणू यांचं नातं शोधणाऱ्या शास्त्रज्ञ



८ नोव्हेंबरच्या परिपाठात थोर व्यक्ती म्हणून हे नाव जरूर घ्या.

जन्म : ८ नोव्हेंबर १९१७, पुणे
मृत्यू : ११ एप्रिल २००१
सन्मान : पद्मभूषण (१९८२)

शिक्षण

कमलताई माहेरच्या समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. ताईंची शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती, पण ताईंना ओढ पेशींच्या अभ्यासाची. १९३९ साली लग्न होऊन त्या मुंबईला आल्या. पती गणितज्ञ. संसार सांभाळून १९४३ साली त्या एम.एस्सी. झाल्या, विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पती!

संशोधन

पुढे टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत जाऊन काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याचं तंत्र शिकल्या आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात तशी प्रयोगशाळा उभी केली.

उंदरांच्या काही जातींत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातल्या विषाणूमुळे पिलांना होतो, हे तेव्हा जगात पुढे येत होतं. ताईंनी पुढचा प्रश्न धरला. विषाणू असूनही एका उंदराला गाठ होते, दुसऱ्याला का नाही? त्यांच्या कामातून दिसलं, की विषाणू एकटा पुरत नाही. अनुवंश आणि शरीरातली संप्रेरकं यांचीही साथ लागते.

मुलांना सांगताना काळजी घ्या. ही गोष्ट उंदरांची आहे. माणसात आईच्या दुधातून बाळाला कर्करोग होत नाही.

आज आपल्याला याचा उपयोग काय?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे बहुतेक वेळा एचपीव्ही हा विषाणू असतो, हे आता सिद्ध झालंय. हेपटायटिस बी मुळे यकृताचा कर्करोग होऊ शकतो. दोन्हींवर लस आहे. एचपीव्हीची लस ९ ते १४ वर्षांच्या वयात सगळ्यात उपयोगी पडते, म्हणून मुलींच्या पालकांनी डॉक्टरांना विचारावं.

अन्ननलिकेच्या काही गाठींतही एचपीव्ही सापडलाय. पण तो तिथे कारण आहे की नुसता हजर आहे, हे नक्की झालेलं नाही. तंबाखू आणि दारूचा दोष मात्र पक्का ठरलेला आहे. आपल्या सातपूरला एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या पालकांनो, खिशातली पुडी आधी टाका. विषाणूचं काय ते शास्त्रज्ञ बघतील!

आणखी एक. घरात कॅन्सरचा पेशंट असला, की त्या मुलाजवळ डबा खायला बाकीची मुलं बिचकतात. कधी कधी मोठी माणसंच तसं शिकवतात. विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, कर्करोग जात नाही. शेजारी बसून, डबा वाटून खाऊन तो होत नाही. हे वर्गात मोठ्याने सांगा, त्या मुलासमोर सांगा. फक्त त्याचं नाव घेऊ नका.

समाजकार्य

१९७३ साली ताईंनी सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना सुरू केली. उतारवयात आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला.

वर्गात विचारा : एकच विषाणू, मग सगळे उंदीर आजारी का पडले नाहीत?

उत्तर सांगायची घाई करू नका. मुलांना आधी बोलू द्या.