सेनापती बापट

पांडुरंग महादेव बापट ऊर्फ सेनापती बापट (१२ नोव्हेंबर १८८० – २८ नोव्हेंबर १९६७) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील क्रांतिकारक व सत्याग्रही होते. पुणे जिल्ह्यातील मुळशी येथे धरणाविरुद्ध झालेल्या शेतकऱ्यांच्या सत्याग्रहाचे त्यांनी नेतृत्व केले. याच लढ्यामुळे त्यांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली. लढ्यात सामील नसलेल्या मजुरांनी आणि शेतकऱ्यांनी लढणाऱ्यांसाठी आपले काम किंवा मोबदला सोडावा काय, हा संपाच्या प्रसंगी नेहमी उद्भवणारा प्रश्न मुळशीत तीव्रपणे पुढे आला.

प्रारंभिक जीवन

बापट यांचा जन्म अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतल्यावर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ मध्ये अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी एडिंबरा येथे गेले. ब्रिटिश राजवटीवर उघड टीका केल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये त्यांचा वि. दा. सावरकर यांच्याशी संबंध आला. पॅरिसमध्ये बाँब तयार करण्याची माहिती मिळवून ते १९०८ मध्ये भारतात परतले. अलीपूर बाँब खटल्यानंतर ते काही वर्षे भूमिगत होते. १९१२ मध्ये त्यांना अटक झाली. परंतु पुराव्याअभावी पुढे त्यांची सुटका झाली. पारनेर येथे असताना ते स्वतः हाती झाडू घेऊन रस्ते स्वच्छ करीत. पुण्यात त्यांनी लोकमान्य टिळकांच्या ‘मराठा’ या इंग्रजी पत्रात काम केले.

मुळशी सत्याग्रह

पहिल्या महायुद्धानंतर टाटा कंपनीने नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याची योजना आखली. धरणातील पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस कोकणात सोडून भिरा येथे वीज निर्माण करावयाची आणि ती प्रामुख्याने मुंबईतील गिरण्या व रेल्वे यांना पुरवावयाची, असा योजनेचा हेतू होता. धरणामुळे मावळातील सुमारे ५० गावे आणि भाताची सुपीक खाचरे पाण्याखाली जाणार होती. सरकारने १८९४च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन जमिनी कंपनीला मिळवून देण्यास साहाय्य केले.

विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना संघटित केले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रही बांधकामाच्या जागी जाऊन बसले, त्यामुळे काम बंद पडले. कंपनीने ते काही काळ स्थगित केले. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा सुरू झाले. यानंतरच्या टप्प्यात बापट हे लढ्याचे प्रमुख नेते बनले. स्त्रियांसह अनेक सत्याग्रहींना तुरुंगवास झाला. बापट यांनाही शिक्षा भोगावी लागली.

काम थांबवण्याचा प्रश्न

मुळशीचा लढा औद्योगिक संप नव्हता. तरीही त्याचे मुख्य साधन संपाचेच होते, ते म्हणजे काम होऊ न देणे. संपात कामगार स्वतःचे काम थांबवतात. मुळशीत मात्र शेतकऱ्यांना इतरांकडून ते थांबवून घ्यावे लागत होते. धरणावर राबणाऱ्या मजुरांची जमीन बुडणार नव्हती आणि ते शेतकऱ्यांच्या संघटनेचे सदस्यही नव्हते. त्यांचे पोट रोजच्या मजुरीवर अवलंबून होते. शेतकरी जिंकले तर मजुरांचे काम जाणार होते आणि मजूर काम करीत राहिले तर शेतकऱ्यांची गावे जाणार होती.

असाच पेच खुद्द मावळातही होता. अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या आणि त्या कसणारी कुळे वेगळी होती. सावकारांना मोबदला घेऊन व्यवहार मिटवणे सोयीचे होते. कुळांच्या दृष्टीने जमीन गेल्यावर काहीच उरत नव्हते. कालांतराने अनेक शेतकऱ्यांनीही मोबदला स्वीकारला आणि लढणाऱ्यांची संख्या घटत गेली. महात्मा गांधी यांनी आरंभी सत्याग्रहींविषयी सहानुभूती दाखवली होती. नंतर मात्र त्यांनी लढा थांबवण्याचा सल्ला दिला. बहुसंख्य बाधितांनी मोबदला घेतला आहे, धरणाचे काम बरेच पुढे गेले आहे आणि बापट यांची अहिंसेवर पूर्ण निष्ठा नाही, अशी त्यांची कारणे होती.

बापट यांची भूमिका निराळी होती. अन्यायाच्या प्रतिकारासाठी मर्यादित बळाचा वापर सत्याग्रहाशी विसंगत नाही, असे ते मानत. त्यांनी या विचाराला ‘शुद्ध सत्याग्रह’ असे नाव दिले. १९२४ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह धरणाच्या कामाची रेल्वेगाडी सशस्त्र अडवली. या कृत्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली व मुळशीचा लढा संपुष्टात आला. मन वळवून काम थांबेना, तेव्हा बळाने ते थांबवण्याचा हा प्रयत्न होता. त्याचा धोका कंपनीच्या मालकांइतकाच गाडीवर काम करणाऱ्या नोकरांनाही होता. या कृतीच्या नैतिकतेविषयी म्हणूनच मतभेद राहिले आहेत. धरण पूर्ण झाले आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले.

उत्तरायुष्य

१९३१ मध्ये सुटका झाल्यावर बापट महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. परंतु एका भाषणावरून त्यांना पुन्हा कारावास भोगावा लागला. १९३७ मध्ये ते मुक्त झाले. पुढे ते सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये सहभागी झाले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात त्यांच्या हस्ते ध्वजारोहण झाले. १९५५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी गोवा मुक्तीसाठी सत्याग्रह केला.

त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी विधानसभेवर गेलेल्या मोर्च्याचे नेतृत्व बापट यांनी केले. २१ नोव्हेंबर रोजी शहरातील कामगारांनी लाक्षणिक संप पुकारला. फ्लोरा फाउंटन परिसरात झालेल्या गोळीबारात १५ जण मृत्युमुखी पडले. या संपाची मागणी वेतनाची नसून भाषिक राज्याची होती. त्यामुळे तिचे आवाहन कोणत्याही एका कामगार संघटनेच्या सभासदांपुरते मर्यादित राहिले नाही. अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांसारख्या शाहिरांची कलापथकेही या चळवळीच्या प्रचारात उतरली होती. मुळशीत मजूर आणि शेतकरी यांचे हितसंबंध परस्परविरोधी होते. मुंबईत संपकऱ्यांना आणि इतरांना ध्येय समान वाटत होते.

वारसा

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई येथे बापट यांचे निधन झाले. पुणे व मुंबई येथील महत्त्वाच्या रस्त्यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. १९७७ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मुळशी सत्याग्रह हा धरणग्रस्तांच्या जगातील आरंभीच्या लढ्यांपैकी एक मानला जातो. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे.